चुलीवाचून पाहुणचार

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तिचा मुक्काम असतो. या महिन्याभरात सोयीचा एखादा दिवस पाहून घरोघरी हळदीकुंकवाचे बोलावणे होते. ऊन तापलेले असते, दुपार कलली तरी भिंती निवलेल्या नसतात, आणि अशा वेळी आलेल्या स्त्रियांच्या हातावर काय ठेवावे हे आपल्या पूर्वज स्त्रियांनी मोठ्या शहाणपणाने ठरवून ठेवले आहे. कैरी घातलेली वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, काकडीची किंवा कलिंगडाची फोड आणि गार पन्हे. कारवार-मंगळूरकडील कोकणी मंडळींत रामनवमीस भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी आणि गुळाचे, आले-वेलचीचे पानक असते. प्रांत वेगळे, डाळ वेगळी; परंतु तत्त्व एकच. ज्या दिवसांत चुलीपुढे बसणे ही शिक्षा वाटते, त्या दिवसांत चुलीवाचून पाहुणचार करावा.

या डाळीची कृती आमच्या वाचक भगिनींना आम्ही सांगावयास नको. तरीही विषयाच्या ओघात ती नोंदविणे भाग आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. वाटीभर हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि पाण्याचा थेंब न घालता ती भरड वाटावी. पीठ झाली तर बिघडली असे समजावे. तीत किसलेली कैरी, हिरवी मिरची, ओले खोबरे, कोथिंबीर, मीठ आणि चिमूटभर साखर घालून हलक्या हाताने कालवावी. कैरी किती घालावी हे तिच्या आंबटपणावर ठरते. म्हणून निम्मी घालून चव घ्यावी आणि मग उरलेली घालावी. हिंग-मोहरीची फोडणी दिली तर खमंगपणा येतो हे खरे, आणि तेवढ्यापुरता विस्तव लागतो हेही खरे; पण फोडणीऐवजी चमचाभर कच्चे तेल आणि हिंग चोळून घातला तरी पदार्थाचे काही अडत नाही. पन्ह्यासाठी बहुतेक घरी कैरी उकडतात. परंतु कच्ची कैरी किसून गुळाच्या पाण्यात कालवून केलेले पन्हेही तितकेच जुने आणि आमच्या मते अधिक तरतरीत असते. वाटीभर डाळ भिजून जवळजवळ दुप्पट होते आणि आठदहा जणींच्या हातावर ठेवण्यास पुरते.

आता प्रश्न असा की, इतक्या अल्प खर्चात आणि अल्प श्रमात होणारा हा पाहुणचार नीतीच्या दृष्टीने मोठ्या जेवणावळीहून हलका समजावा काय? सामान्य समजूत तशी आहे. पंक्ती उठविल्या, पक्वान्ने वाढली, तर यजमानाने काही केले; मूठभर डाळ हातावर ठेवली, तर केवळ रीत पाळली. आम्हांस मात्र असे वाटते की, माणसाच्या मनाची खरी परीक्षा जेवणावळीपेक्षा या मूठभर डाळीतच अधिक होते. ते कसे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

जेवणावळीस निमंत्रणे देताना कोणास तरी वगळावेच लागते. जागा अपुरी, भांडी अपुरी, आचारी मिळत नाही, पैसा पुरत नाही, यांपैकी कोणतेही कारण सांगावे आणि ते बहुधा खरेच असते. म्हणून लग्नास बोलावले नाही म्हणून कोणी रुसला तर शहाणी माणसे त्याची समजूत घालतात. परंतु जेथे चूलच पेटवावयाची नाही, जेथे डाळीची आणखी एक मूठ भिजविली की आणखी पाचजणींची सोय होते, तेथे वगळण्यास सबब कोणती? तेथे जिला बोलावले नाही, तिला खर्चासाठी वगळले असे म्हणता येत नाही. तिला वगळावे असे वाटले म्हणून वगळले, एवढेच कारण उरते. न्यायालयात साक्षीदाराच्या सगळ्या सबबी एकेक करून दूर केल्या की अखेर त्याचा हेतू उघडा पडतो; तसाच हा प्रकार आहे.

आपल्या धर्मशास्त्राने अन्नाचे आमान्न आणि पक्वान्न असे दोन भाग केले. न शिजविलेले ते आम, शिजविलेले ते पक्व. स्पर्शास्पर्शाचे कडक नियम मुख्यतः शिजविलेल्या अन्नास लागत. ज्याच्या घरचा भात चालत नसे त्याच्या घरून आलेला शिधा चाले, नारळ चाले, फळ चाले. अग्नीने अन्न शुद्ध होते असे एकीकडे म्हणावयाचे आणि अग्नीवर चढलेले अन्नच विटाळास सर्वाधिक पात्र ठरवावयाचे, ही विसंगती जुन्या काळी कोणास फारशी खुपलेली दिसत नाही. कारण उघड आहे. शिजविलेल्या अन्नात करणाऱ्याचा हात मिसळलेला असतो, आणि नियम अन्नासंबंधी दिसत असले तरी ते वस्तुतः त्या हातासंबंधी होते.

या दृष्टीने पाहता चैत्रातील हा न शिजविलेला फराळ दोन घरांमधील सर्वांत मोकळी वाट ठरावयास हवा होता. परंतु डाळ भिजवावयाची तर पाणी लागते, आणि पाणी म्हटले की दुसरी भिंत उभी राहते. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला. त्याआधी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तशा आशयाचा ठराव झालाच होता. कागद दोन झाले, पण ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते ठराव प्रथम अंमलात आले. त्यानंतर काहींनी पंचगव्याने ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे! मोठा यज्ञ किंवा मोठी मेजवानी हा तेथे वादाचा विषय नव्हता. विषय होता तहान भागविण्याचा.

अल्पोपहार म्हणजे अल्प गोष्ट, असे मानणाऱ्यांनी पुण्यातील चहाचे प्रकरणही आठवावे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांस चहा-बिस्किटे देण्यात आली. माधवराव रानडे आणि बळवंतराव टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेला हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी त्या सर्वांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी मंडळ नेमले, साक्षीपुरावे झाले, आणि अखेरीस रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले, याबद्दल सुधारकांनी त्यांस दोष दिला. एका पेल्याने एवढे का व्हावे? कारण पेला हा पेला नव्हता. तो कोणी दिला आणि कोणी घेतला, हा प्रश्न होता. जेवणास गेलेल्याला भीड पडली, आग्रह झाला, असे सांगता येते. चहाचा पेला किंवा मूठभर डाळ यांस असा कोणताही आडोसा नसतो.

येथे आम्ही वाचकांस सुरतेच्या आग्नेय अंगास असलेल्या डिंडोलीकडे नेऊ इच्छितो, कारण आजच्या काळात हा प्रश्न कोणत्या रूपाने उभा राहतो हे तेथे चांगले दिसते. सुरतेहून खानदेशात जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमळनेरपर्यंत पोहोचला आणि त्या वाटेने पुढे धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतील असंख्य कुटुंबे सुरतेच्या यंत्रमागांवर आणि कापडबाजारात कामास आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज अहिराणी आणि मराठी रस्त्यावर सहज कानी पडते. शेजारी गुजराती आहे, पलीकडे उत्तर प्रदेशचा किंवा ओडिशाचा कामगार आहे. खानदेशी घरांचा उन्हाळ्यातील मोठा सण म्हणजे आखाजी. त्या दिवशी घागर भरावयाची, सासुरवाशिणींनी माहेरी यावयाचे, आमरस आणि सांजोऱ्या व्हावयाच्या. चैत्रगौरीची डाळ ही मुख्यत्वे पुण्याकडची आणि कोकणची रीत. परंतु स्थलांतराच्या ठिकाणी रीती एकमेकींस लागून राहतात, आणि एका जिन्यावरील कोकणी घरची डाळ समोरच्या खानदेशी घरी जाते, तिकडून सांजोरी येते, हे स्वाभाविक आहे.

मूळ गावी कोणास बोलवावे हे वाड्याने, आळीने आणि जातीने आधीच ठरविलेले असे. यजमानिणीस विचार करावा लागत नसे. म्हणून तिच्यावर जबाबदारीही येत नसे. डिंडोलीतील चार मजली इमारतीत आळी नाही. समोरच्या दारावर कोणाचे नाव आहे ते वाचता येते, त्यांची भाषा कळते न कळते, आणि बोलवावयाचे की नाही हे त्या गृहिणीलाच ठरवावे लागते. रूढीने जो निर्णय शेकडो वर्षे आपल्या माथी घेतला होता तो तिने परत आपल्या हाती दिला आहे. नीतीचा आरंभ येथूनच होतो, कारण ज्यात निवड नाही त्यात पाप-पुण्यही नाही.

यावर तीन आक्षेप येतात. त्यांस उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप मानाचा. परक्या माणसास प्रथमच घरी बोलवावयाचे आणि न शिजविलेले पुढे करावयाचे, यात त्याचा अवमान नाही काय? आमचे उत्तर असे की आपल्या परंपरेत प्रेमाची जी दाने सर्वांस आठवतात ती बहुतेक चुलीवाचूनची आहेत. सुदाम्याने द्वारकेस नेले ते पोहे. लोककथेतील शबरीने दिली ती बोरे. भगवंतास काय चालते हे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे, त्यात पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच आहे. या चारांपैकी एकासही विस्तव लागत नाही. याचे कारण केवळ साधेपणाचे कौतुक नव्हे. मोठे जेवण घेणाऱ्यावर ऋण चढविते. ज्याच्या घरी आपण पाच पक्वान्ने जेवलो त्यास आपल्या एका खोलीत काय वाढावे, या संकोचाने कित्येक माणसे पहिले निमंत्रणच नाकारतात. मूठभर डाळीचे तसे नाही. ती घेणारीस आठ दिवसांनी आपल्याही घरी तितकेच काही सहज करता येते. ज्या दानाची परतफेड गरिबासही ताठ मानेने करता येते, ते दान दोघांसही समान पातळीवर ठेवते. हा त्याचा गुण आहे, उणेपणा नव्हे.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा, आणि आजच्या भाषेत आरोग्याचा. तो खरोखर विचारार्ह आहे. शिजविलेल्या अन्नातील पुष्कळसे दोष अग्नी नाहीसे करतो. येथे अग्नीच नाही. भिजवलेली डाळ चैत्रातील उष्म्यात लवकर आंबते. म्हणून पाणी गाळून उकळून गार केलेले घ्यावे, हात, पाटा किंवा यंत्राचे भांडे स्वच्छ असावे, खोबरे ताजे असावे, आणि वाटलेली डाळ घटका-दोन घटकांत संपवावी, नाहीतर थंड कपाटात ठेवावी. वास किंचितही बदलला तर टाकून द्यावी. अग्नीवाचून अन्न देणारा यजमान पाहुण्यास आपल्या स्वच्छतेचे वचन देत असतो, आणि ते वचन मोडले तर त्यास बोल लावावयास दुसरे कोणी नाही.

परंतु हीच स्वच्छता पुढे कोठे नेते पाहा. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, आणि थोड्या दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. पावसाळ्यातील पुरानंतर न उचललेला केरकचरा हे त्या वेळी सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. ज्यांची घरे आरशासारखी लख्ख होती तेही गाडीच्या डब्यात इतरांबरोबर दाटीने उभे होते. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत महानगरपालिकेने रस्ते, गटारे, कचरा आणि उपाहारगृहे यांकडे कठोरपणे लक्ष दिले, आणि पुढे २०२३ च्या देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात याच शहरास इंदूरसह पहिला क्रमांक मिळाला. यातून जो धडा मिळतो तो सोवळ्याच्या कल्पनेस उलटा आहे. सोवळे सांगते की, दुसऱ्यास दूर ठेवले की मी शुद्ध राहतो. सुरतेचा अनुभव सांगतो की, दुसऱ्याची गल्ली स्वच्छ झाल्यावाचून माझे घर शुद्ध राहूच शकत नाही. ज्या पाण्यात आपण डाळ भिजवितो ते पाणी शेजाऱ्याच्या नळासही त्याच वाहिनीतून येते. तेव्हा आरोग्याची काळजी असेल तर शेजाऱ्यास वगळून नव्हे, त्याच्याबरोबर राहूनच ती घेता येईल.

तिसरा आक्षेप रूढीचा असून तो आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. हळदीकुंकू हे सवाष्णींचे. मग त्यात सर्वांस कसे बोलवावे? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल की ज्या घरात डाळ पहाटे भिजविणारी, कैरी किसणारी आणि नारळ खोवणारी विधवा सासू, जाऊ किंवा नणंद असते, ती सायंकाळी पाहुण्या आल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसते. तिच्या हातची डाळ सर्वांस चालते. तिच्या हातावर मात्र कोणी डाळ ठेवीत नाही. अन्नाचे नियम वस्तुतः हातासंबंधी होते असे आम्ही वर म्हटले. येथे तर त्यांचा तोही आधार नाहीसा होतो. हात चालतो, माणूस चालत नाही!

कुंकवासंबंधी ज्यांच्या भावना हळव्या आहेत त्यांच्याशी आम्ही येथे वाद घालीत नाही. आमचे म्हणणे डाळीपुरते आहे. ही डाळ प्रथम गौरीस दाखविली जाते. नैवेद्य दाखविल्यावर ती प्रसाद होते, आणि प्रसाद ही यजमानाची मालमत्ता राहत नाही. देवस्थानाच्या विश्वस्तांस जसे देवाचे द्रव्य आपल्या मर्जीतील लोकांपुरते वापरता येत नाही, तसेच प्रसाद वाटणारा हा मालक नसून विश्वस्त आहे. देवळात तीर्थ देणारा पुजारी ओंजळ पुढे करणाऱ्या स्त्रीस तिचा पती हयात आहे काय असे विचारीत नाही; मग ज्या घरी महिनाभर अन्नपूर्णा झोपाळ्यात बसविली आहे त्या घराने तरी ते का विचारावे? पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले, त्याच्या मुळाशीही हेच होते की, जे देवाचे ते वाटून देताना माणसाने आपली मर्जी चालवू नये. अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींस तो मार्ग अनुसरण्यास सांगितले. एका खेड्याने जे ठरावाने केले ते आपल्या घरात करण्यास ठरावाचीही गरज नाही.

आमचा व्यवसाय कायद्याचा आहे. म्हणून कायद्याची मर्यादा सांगणे आमच्याकडे येते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या अधिनियमाने ती पाळणे दंडनीय ठरविले, आणि १९७६ मध्ये त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. विहीर, दुकान, उपाहारगृह, देऊळ येथून कोणास हाकलले तर दाद मागता येते. परंतु चैत्रातील एका सायंकाळी आपण समोरच्या दाराची कडी वाजविली नाही, म्हणून आपल्यावर फिर्याद होऊ शकत नाही, आणि होऊही नये. प्रत्येक बोलावण्यावर शासनाची देखरेख असलेला समाज कोणासच नको आहे. तथापि कायदा विचारीत नाही, म्हणून कोणीच विचारू नये, असे होत नाही. जेथे दंडाचे भय संपते तेथेच मनुष्याच्या स्वतःच्या बऱ्यावाईटाची मोजणी सुरू होते, आणि नीतीचा बहुतेक प्रदेश या रेषेपलीकडेच पसरलेला आहे.

कोणी म्हणेल, मूठभर डाळीने समाज बदलतो काय? बदलत नाही. महाड येथे दहा वर्षे लागली आणि त्यानंतरही गावोगावची भांडणे सरली नाहीत. परंतु ज्या बायका एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत, त्यांच्यात अडीअडचणीच्या वेळी एकमेकींस हाक मारण्याचे धैर्य येणार कोठून? रात्रपाळीस गेलेल्या नवऱ्याच्या पाठीमागे मूल तापाने फणफणले, तर दार वाजवावयाचे ते ओळखीचेच. ती ओळख आधी कोठेतरी व्हावी लागते, आणि ती होण्यास उन्हाळ्यातील सायंकाळी गार पन्ह्याच्या पेल्याहून सोपा उपाय आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. या चैत्रात डाळ भिजत घालताना, ज्यांना दरसाल बोलावतो त्यांची मोजणी झाल्यावर, आणखी दोन मुठी डाळ पातेल्यात टाकावी. त्यांतील एक समोरच्या त्या दारासाठी, जेथे आपण अद्याप गेलेलो नाही. दुसरी आपल्याच घरातील तिच्यासाठी, जी ती डाळ निथळीत बसली आहे. आणि तिच्या हातावर ती सर्वांदेखत, पुढच्या खोलीत ठेवावी.